प्रस्तावना खोडायची की नाही : एका गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि उत्तर मुद्दाम सकाळवर ढकललं. रात्रीच लिहायला बसले असते तर तिखट जरा जास्त पडलं असतं.

जे आजच इथे आलेत त्यांच्यासाठी मागचं थोडक्यात सांगते. गेल्या महिन्यात मी लिहिलं होतं की निबंध लिहून झाला की पहिला परिच्छेद सरसकट खोडा, खरी सुरुवात बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात दडून बसलेली असते. त्यावर गुरुजींचं म्हणणं असं, की बाई, हे शहरी चोचले आहेत. पेपर तपासणाऱ्याला प्रस्तावना लागते, आणि खेड्यातल्या मुलाला दोन काव्यपंक्ती आणि एक सुविचार हाच काय तो आधार. आपल्या कोकणातलं दशावतारी नाटकसुद्धा एकदम आख्यानाला हात घालत नाही. टिळकांचा गाजलेला अग्रलेख प्रश्नानेच सुरू होतो, मग मुलांनी प्रश्नाने सुरुवात केली तर बाईंच्या कपाळाला आठी का? शिवाय बाईंचा स्वतःचा लेख समुद्राच्या गाजेत दोन परिच्छेद घालवून मग मुद्द्यावर आला.

शेवटचं आधी घेते. खरं आहे. लेख पुन्हा उघडून पाहिला. गाज, सुरूची झाडं, मावळतीचा रंग, सगळं होतं आणि निबंधाचा पत्ता नव्हता. ते दोन्ही परिच्छेद आता काढलेत.

दशावताराच्या मुद्द्यावर मात्र मी थोडा वेळ बसणार आहे, कारण तो तुमचा सगळ्यात बळकट मुद्दा आहे. आडदशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या भागात, गणपती येतो, ऋद्धी-सिद्धी येतात, भटजी पूजा करतो, सरस्वती येते, संकासुर लोकांना हसवून जातो आणि मग कुठे आख्यान लागतं. ह्याला फापटपसारा म्हणायची माझी छाती नाही. ते देवाचं काम आहे, समोर माणूस असो-नसो, व्हायचंच. पण त्या वेळी देवळासमोर काय चाललेलं असतं ते आठवा. जत्रेची रात्र. बायका ओट्या भरून बाहेर पडताहेत, कोणी खाजं बांधून घेतोय, पोरं चटई पसरायला जागा धरताहेत. माणसं टेकेपर्यंतचा वेळ तो पूर्वरंग सांभाळून घेतो. वाचक मुळात टेकलेलाच असतो हो! पेपर तपासणारा तर केव्हाचा बसलाय, समोर गठ्ठा घेऊन. आणि जो गणपती आपण त्याला दाखवणार, तोच त्याच गठ्ठ्यात त्याला आणखी कितीदा तरी भेटणार आहे.

आता वही दाखवते. शनिवारी आमच्या वाचनालयात मुलं येतात, त्यातल्या नववीतल्या एका मुलीची. विषय 'माझ्या गावातला पावसाळा'. पहिला परिच्छेद असा: 'निसर्गाने कोकणावर सौंदर्याची मुक्तहस्ते उधळण केली आहे. पावसाळ्यात तर धरणीमाता हिरवा शालू नेसते.' मी पेन्सिलीने 'कोकण' खोडून 'केरळ' लिहिलं आणि वही तिच्याकडे सरकवली. तिने वाचलं, हसली. काही बिघडलंच नव्हतं. ती वाक्यं केरळला बसली, मेघालयालाही बसली असती. मग ती खाली वाचत गेली. तिसऱ्या परिच्छेदात होतं: 'मे संपताना आमची होडी वर ओढतात आणि झावळ्यांनी शाकारतात. मग दोन महिने बाबा घरी असतात आणि आई बाजारात जाताना लहान पिशवी नेते.'

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, मासळीच्या विणीचा काळ म्हणून. हे तुम्हाला मी सांगायला नको. तिने बंदी हा शब्दही वापरला नव्हता. लहान पिशवीत सगळं आलं होतं. मी म्हटलं, हेच वर घे. तर मला विचारते, "बाई, ह्यां लिवलंय तर चलात? ह्यां निबंधात येना नाय मां?"

गुरुजी, माझं भांडण ह्या एका प्रश्नाशी आहे, काव्यपंक्तींशी नाही. हिरवा शालू निबंधात येतो आणि आईची पिशवी येत नाही, हे त्या मुलीला कोणी सांगितलं? कोणी मुद्दाम नाही. वर्षानुवर्षं फळ्यावर ज्या सुरुवाती लिहिल्या गेल्या त्यांनीच सांगितलं, आणि त्यातल्या काही माझ्या हस्ताक्षरातल्याही असतील. आधार म्हणाल तर खेड्यातल्या मुलाकडे ही पिशवी आहे. शालू तर त्याला उसना आणावा लागतो.

वैचारिक निबंधातही तेच. 'मोबाईल : शाप की वरदान' म्हटलं की 'आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे' आलंच. एका मुलाने मात्र असं लिहून आणलं: 'आमच्या वाडीत रेंज फक्त देवळामागच्या गडग्यावर येते. लॉकडाऊनमध्ये आमची शाळा त्या गडग्यावर भरायची.' गडगा म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण. दोन वाक्यांत वरदानही आलं, शापही आला, आणि पुढे काय वाद घालायचा तेही ठरलं. फक्त पुढे त्याने गडगा सोडून दिला आणि मोबाईलच्या शोधाचा इतिहास लिहिला. ती सुरुवात फुकट गेली. पहिल्या परिच्छेदात जे हातात घेतलं ते शेवटपर्यंत वापरावं लागतं, नाहीतर साधी सुरुवात परवडली.

परीक्षेचं म्हणाल तर तिथे मी निम्मी तुमच्या बाजूची आहे. घड्याळ समोर, पेन थिजलेलं, अशा मुलाला पाठ केलेलं एक वाक्य हात चालू करून देतं. ते त्याने लिहावं. एकच लिहावं आणि लगेच स्वतःच्या गोष्टीवर यावं. खोडाखोड घरच्या सरावात करायची, उत्तरपत्रिकेत नाही. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं.

आणि 'सरसकट' हा शब्द मी मागे घेते. तुमच्या प्रतिक्रियेच्या आधीच एका मुलाने माझी चूक मला दाखवली होती, मी कबूल करायला उशीर केला. त्याचा निबंध रापणीवर होता. पहिल्या परिच्छेदात त्याने सांगितलं होतं की होडीतून जाळं अर्धगोल टाकतात, दोन्ही टोकं किनाऱ्यावर असतात आणि दोन बाजूंनी माणसं ओढत आणतात. माझं ऐकून पठ्ठ्याने तेवढंच खोडलं. निबंध सुरू झाला तो थेट मासळीच्या वाट्यांवरून होणाऱ्या भांडणाने. मालवणात कळेल, पण तो लातूरच्या माणसाने वाचला तर त्याला भांडण कशाचं तेच कळायचं नाही. तो परिच्छेद कुठल्याही दुसऱ्या निबंधाला लागला नसता, म्हणजे केरळच्या पेन्सिलीतून तो सुटला असता. मी पेन्सिल न लावताच खोडायला सांगितलं.

राहिले टिळक. आपल्या रत्नागिरीचे, त्यामुळे जपून बोलते. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हे त्या अग्रलेखाचं शीर्षक. साल १८९७, पुण्यात प्लेग, घरझडत्या, २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेलेल्या, आणि त्यानंतर सरकारने पुणेकरांवर धरलेला रोख. केसरी हातात घेणाऱ्याला हे सगळं अंगावर आलेलं होतं. प्रश्न आधीच त्याच्या मनात होता, टिळकांनी तो छापला. 'मित्रांनो, तुम्हाला पाऊस आवडतो का?' हा प्रश्न कुणाच्या मनात असतो? ज्या प्रश्नाचं उत्तर 'हो' इतकंच आहे, त्याच्यावर आठी पडतेच.

पुढच्या रविवारी मी वेंगुर्ल्याला येते आहे. मुलीने हो म्हटलंय, तेव्हा ती वही घेऊन येईन. तुमच्या लाल पेनाला हवं तिथे फिरू दे, शुद्धलेखनात भरपूर काम आहे. होडी शाकारल्यावर बाबा दोन महिने घरी काय करतात, ते मात्र तिने अजून लिहिलेलं नाही. तेवढी जागा कोरी ठेवा.