मालकाकडून उत्तर: तीसचा बुश २८.४० का आला

नमस्कार भाऊ,

रिव्ह्यू वाचला. बुधवारी तुमच्या शेडवर येऊन गेलो, समोरासमोर बोलणंही झालं. तरी इथे लिहितोय, कारण तुम्ही इथे लिहिलंत आणि जुनी लेथ सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी) करून घ्यायच्या विचारात असलेली चार माणसं हेच वाचणार आहेत.

त्यांच्यासाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. जालन्याला आम्ही तुमच्या जुन्या लेथवर पीसीचा कंट्रोल बसवला. संध्याकाळी ट्रायलचे दोन बुश (दांड्यावर बसणाऱ्या छोट्या नळ्या) बरोबर निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी टूल हवेत फिरायला लागलं. ऑफसेट (टूलचं टोक कुठे आहे ते कंट्रोलला सांगणारे आकडे) परत घेतले तर ३० मिलिमीटरचा ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, २८.४० आला आणि २० चं बोअर, म्हणजे आतलं भोक, २२ झालं. अकरा बुश वाया गेले. दुपारी बोरिंग बार (भोक कापायचं टूल) चकवर, म्हणजे जॉब पकडून फिरणाऱ्या भागावर, आदळला. दिवसभर फोन केले, कोणी उचलला नाही. 'फुकटचं सॉफ्टवेअर आणि भंगारातला कॉम्प्युटर टाकून पैसे घेतले, ऑफसेट रात्रीतून उडतात.' एक स्टार.

फोनचं आधी सांगतो, कारण तिथे बोलायला जागाच नाही. मी त्या दिवशी लातूरला दुसऱ्या मशीनखाली होतो आणि मोबाईल गाडीत. संध्याकाळी सात मिस्ड कॉल दिसले. मृगाच्या तोंडावर पेरणी यंत्राचे बुश अडकले म्हणजे काय होतं हे मला कळतं, माझ्या घरचीही शेती आहे. दुकानातल्या पोराचा नंबर बिलावर छापायला हवा होता. आता छापलाय.

आता बुश. खरं सांगू का, तुमच्या रिव्ह्यूत २८.४० हा आकडा वाचला आणि चूक आमची आहे हे मला तिथेच कळलं. लिनक्ससीएनसी, म्हणजे पीसीवरचं कंट्रोलचं सॉफ्टवेअर, चालू होतं तेव्हा एक्सचा (टूल मध्यापासून किती लांब त्याचा) आकडा ते त्रिज्या म्हणून धरतं. त्याला जी ८ म्हणतात. आपण लेथवाले सगळे व्यासात बोलतो, त्यासाठी जी ७ द्यावा लागतो. मी संध्याकाळी एमडीआयमध्ये (एकेक कमांड टाइप करायच्या पानावर) हाताने जी ७ टाकला, ट्रायल काढली, जॉब बरोबर आले, आणि निघालो. तो जी ७ आयएनआय या सेटिंगच्या फाईलमधल्या स्टार्टअपच्या ओळीत कायमचा लिहायचा राहिला. रात्री मशीन बंद केलं, सकाळी चालू केलं, कंट्रोल परत त्रिज्येवर. प्रोग्रॅममध्ये एक्स ३० होतं, मशीनने ते ३० ची त्रिज्या धरलं, म्हणजे साठचा व्यास. बार ३२ चा. टूल हवेत फिरणारच.

इथे तुमच्या ऑपरेटरनी तेच केलं जे कुठलाही जाणता माणूस करेल. ऑफसेट उडाला असं समजून बारवर एक हलका कट घेतला, व्हर्नियर लावलं, ३१.६० आलं, तेवढंच टच-ऑफमध्ये (मोजलेलं माप कंट्रोलला द्यायच्या जागी) टाकलं. कंट्रोलने ३१.६० ही त्रिज्या समजली. टूल खरं तर मध्यापासून १५.८० वर उभं होतं. पुढे एक्स ३० म्हटल्यावर ते १.६० आत गेलं, एका बाजूने. व्यासातून ३.२० गेले. ३१.६० वजा ३.२०, बरोबर २८.४०. बोअरचंही तसंच, फक्त उलटं: १८ मोजून १८ टाकलं, २० मागितलं, टूल २ बाहेर गेलं, बोअर २२. तुमच्या टेबलावर ते अकरा बुश ओळीत मांडलेले होते, प्रत्येकावर खडूने माप लिहिलेलं, आणि फरक दोन-तीन शतांशाचा. मशीन खराब असतं तर मापं इतकी सारखी आली नसती.

म्हणजे ऑफसेट उडाले नव्हते. ऑफसेट ज्यात असतात ते टूल टेबल ही हार्ड डिस्कवरची साधी फाईल आहे, लाईट गेली तरी ती जागेवर राहते. सकाळी होम करून कोणी एमडीआयच्या पानावर चालू जी-कोड पाहिले असते तर जी ८ दिसला असता. पण हे पाहायचं असतं हे आम्ही सांगितलंच नव्हतं, तर कोण पाहणार?

धडकेचं मात्र मला अर्धंच मान्य आहे.

मापं जुळेनात म्हटल्यावर आमचाच प्रोग्रॅम चुकीचा असेल असं वाटून तुमच्याकडे फॅनुकचा (दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलचा) जुना प्रोग्रॅम पेन ड्राईव्हवर आणला गेला. फॅनुकवर टी ०२०२ म्हटलं की दोन नंबरचं टूल आणि दोन नंबरचा ऑफसेट एका दमात येतो. लिनक्ससीएनसी त्याला २०२ नंबरचं टूल समजतं आणि असं टूलच नाही म्हणून अडतं. म्हणून ती ओळ टी २ एम ६ अशी केली गेली. स्क्रीनवर टूल बदला असा डबा आला, टूल बदललं, ओके दिलं. पण इथे ऑफसेट लागू करायला जी ४३ वेगळा द्यावा लागतो. तो नसल्यामुळे टर्निंग टूलचाच ऑफसेट चालू राहिला. तुमचा बोरिंग बार चकच्या दिशेला टर्निंग टूलपेक्षा साठेक मिलिमीटर पुढे आलेला आहे, आणि टूल पोस्टमध्ये मागे पकडलेला आहे. म्हणून तो जॉबच्या तोंडावर न जाता बाहेरून, रॅपिडमध्ये (न कापता पूर्ण वेगाने), थेट चकच्या जॉवर, म्हणजे जबड्यावर, गेला. जॉच्या कोपऱ्याला नखाएवढा टवका आहे. बार गेला, इन्सर्ट (त्याच्या टोकाचा कापणारा तुकडा) गेलं. स्पिंडलला काही झालेलं नाही. तुमच्यासमोर डायल गेज लावून पाहिलं.

बारा वर्षं वाळूजला फॅनुकवर घालवलेल्या हाताला जी ४३ ची सवय नसते, यात त्यांचा दोष नाही. मी निघताना हे तोंडी सांगितलं होतं, पण शेजारी पॉवर प्रेस चालू असताना तोंडी सांगितलेलं कोणाच्या कानात राहतं? कागदावर द्यायला हवं होतं. माझं म्हणणं एवढंच: नवा प्रोग्रॅम, नवा कंट्रोल, त्यात सकाळपासून मापं चुकत असलेली, अशा वेळी पहिला सायकल स्टार्ट सिंगल ब्लॉकवर (प्रत्येक ओळीला थांबत) आणि रॅपिडचा वेग खाली करून द्यायचा असतो. हे फॅनुकवरही तसंच आहे. म्हणून अर्धं.

त्याच प्रोग्रॅममध्ये मला आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती धडकेपेक्षा भीतीची आहे. जी ५० एस २००० ची ओळ इथे चालेना म्हणून काढून टाकली होती आणि जी ९६ (कापायचा वेग सारखा राहावा म्हणून आरपीएम बदलत राहणारा कोड) तसाच ठेवला होता. काढलेली ओळ स्पिंडलच्या आरपीएमला लगाम घालते. लगाम नसला तर फेसिंगला (जॉबचं तोंड सपाट करताना) टूल मध्याकडे जाईल तसा चक पळत सुटतो. इथे ती मर्यादा जी ९६ च्याच ओळीत डी ने द्यायची असते. मी ती घातली आहे. ती ओळ कृपा करून कोणीही काढू नका.

फुकटच्या सॉफ्टवेअरबद्दल: हो, लिनक्ससीएनसी फुकट आहे. त्याचं मूळ १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेत आहे आणि कोणीही ते उतरवून घेऊ शकतं. म्हणूनच तुमच्या बिलात सॉफ्टवेअरचा एक रुपयाही नाही, पुन्हा बघा. पैसे मोटर, ड्राईव्ह, एन्कोडर, होम स्विच, वायरिंग आणि मजुरीचे आहेत. पीसी जुना आहे हेही खरं. आमच्याकडे दहा पीसी आले तर तीन-चारच पास होतात. वेगाशी आम्हाला देणंघेणं नसतं, मोटरला पल्स वेळेवर जातो की नाही हे पाहायचं असतं. तुमचा पीसी लेटन्सी टेस्टला (पल्सला किती उशीर होतो ते मोजायला) तासभर ठेवला होता, चूक १४ मायक्रोसेकंदांच्या वर गेली नाही. आता त्यावर यूट्यूब चालू दिसलं, ते मात्र बंद करा. हवं तर पोरांना दुसरा पीसी मी देतो.

बुधवारी काय केलं ते लिहून ठेवतो. जी ७ स्टार्टअपच्या ओळीत घातला. मशीन तीनदा बंद-चालू करून पाहिलं. तिन्ही टूलचे ऑफसेट तुमच्या ऑपरेटरनी स्वतः घेतले, मी फक्त बाजूला उभा होतो. पहिला बुश ३०.०२ आला, दुसरा ३०.००, बोअरमध्ये प्लग गेज (भोकाचं माप तपासायचा दांडा) हाताने गेला. टूल बदलायची ओळ आणि सकाळी पाहायचे कोड मराठीत छापून, लॅमिनेट करून कंट्रोलच्या दाराला लावलेत.

हिशोब: सेटिंगचे २,५०० रुपये परत. अकरा बुशांचा माल आमच्याकडून. बोरिंग बार आणि इन्सर्टचे अर्धे पैसे आमचे, अर्धे तुमचे. जॉ ग्राइंड करून द्यायचं काम आमच्याकडे, त्याचे पैसे नाहीत. पूर्ण रेट्रोफिटचे (जुन्या लेथवर कंट्रोल बसवायचे) पैसे परत मागितलेत ते देणार नाही. मशीन चालतंय आणि माप देतंय.

रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही. स्टारचं तुम्ही बघा.

शनिवारी सकाळी दहापर्यंत येतो. जॉ काढून ठेवा. आणि ते २८.४० चे बुश भंगारात घालू नका, त्यातला एक मला दुकानात नव्या पोरांना दाखवायला हवाय.