रंकाळ्याला दिवे लागले, पाण्याचं काय?

मंडळी, आपल्याकडं तलावासाठी निधी आला की तो आधी काठावर खर्च होतो. पेव्हिंग ब्लॉक, रेलिंग, रंगीत दिवे, कारंजं आणि हल्ली 'आय लव्ह' लिहिलेला तो सेल्फी पॉइंट. पाण्यापर्यंत पोचेस्तोवर पैसे संपलेले असतात. मग पावसाळ्यानंतर केंदाळ पसरतं, पेपरात फोटो येतो, मशीन येतं, केंदाळ निघतं, पुन्हा फोटो. हे आपण इतकी वर्षं बघतोय की त्यात काही चुकतंय असंही आता कुणाला वाटत नाही.

खरं तर पाण्याच्या बाबतीत आपल्या कोल्हापूरएवढं नशीबवान शहर शोधून सापडायचं नाही. गावात रंकाळा, कोटितीर्थ, विद्यापीठाजवळ राजाराम तलाव, कात्यायनीच्या डोंगरातनं पाणी घेणारा कळंबा. जरा गाडी काढली की राधानगरी, तुळशी, काळम्मावाडी ही धरणं. आणि या सगळ्या पाण्याशेजारी आपण करतो काय? फेरी मारतो, भेळ खातो, फोटो काढतो. रंकाळ्याची फेरी साडेचार किलोमीटरच्या आसपास भरते. पहाटे तिथं निम्मं कोल्हापूर भेटतं, राजकारण मिटतं, लग्नं जमतात. मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही, मीही त्यातलाच. पण पाण्यात कोण आहे ते कधी बघितलंय? दोन म्हशी आणि चार जुने पट्टीचे पोहणारे. बाकी सगळे काठावर.

हे कोल्हापूरला शोभत नाही. पाठीला पत्र्याचा डबा बांधून पंचगंगेच्या घाटावरनं ढकलून दिलेली पोरं आहोत आपण. माझ्या पिढीत पोहायचा क्लास नावाचा प्रकार नव्हता; गल्लीतला एखादा तात्या किंवा अण्णा असायचा, तो डब्यातलं पाणी हळूहळू वाढवत न्यायचा आणि एक दिवस डबाच सोडायचा. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकला पोहायला गेलेला वीरधवल खाडे याच गावचा. आणि त्याच गावात आज बाप पोराला म्हणतो, "पाण्याला हात लावू नकोस, अंगाला खाज सुटंल."

आता मुद्द्यावर येतो. भाची जर्मनीत डॉर्टमुंडला नोकरीला आहे, तिच्याकडं जाऊन आलो. सगळा रूर खोऱ्याचा मुलूख. एकेकाळी नुसत्या कोळशाच्या खाणी आणि पोलादाच्या भट्ट्या. आता खाणी बंद, बहुतेक भट्ट्याही थंड. पहिल्याच संध्याकाळी तिनं मला ह्योर्डे नावाच्या भागात एका तळ्यावर नेलं. फिनिक्स-झे. 'झे' म्हणजे तळं. काठावर बाकं, सायकलींचा रस्ता, पाण्यावर छोट्या शिडाच्या होड्या. मी म्हटलं, छान आहे, किती जुनं? ती म्हणाली, "मामा, हे 2011 साली लोकांना खुलं झालं. त्याआधी इथं पोलादाचा कारखाना होता."

कारखाना 2001 ला बंद पडला. यंत्रसामग्री चिनी कंपनीनं विकत घेतली, त्यांची माणसं आली, नट-बोल्ट सोडवून भट्ट्या सुट्या केल्या आणि जहाजात घालून चीनला नेल्या. राहिलेला खड्डा खणून 2010 च्या ऑक्टोबरात पाणी सोडायला सुरुवात केली. चोवीस हेक्टरांचं तळं. कारखान्याची आठवण म्हणून पोलाद गाळायचं एक अवाढव्य लोखंडी भांडं काठावर उभं ठेवलंय. मी त्याखाली जाऊन वर बघितलं. गंजलेल्या पत्र्यावर जाड जाड रिव्हेटांच्या रांगा, एकेक रिव्हेट मुठीएवढा. पोरं त्याभोवती शिवाशिवी खेळत होती.

मला शाहू मिल आठवणार नाही तर काय! माझा थोरला मामा तिथं साच्यावर होता. 1906 ला शाहू महाराजांनी काढलेली मिल, 2003 ला बंद. मामी मिलच्या भोंग्यावर भात टाकायची. घड्याळ होतं घरात, पण विश्वास भोंग्यावर. मिलच्या शेजारीच कोटितीर्थ. म्हणजे बंद पडलेला कारखाना आणि तळं ही जोडी आपल्याकडं तयार आहे. त्यांना तळं खणावं लागलं, आपल्याला आयतं मिळालंय. आणि तरी मिलच्या दगडी इमारतींभोवती झाडोरा, स्मारकाच्या नुसत्या घोषणा, आणि कोटितीर्थाच्या पाण्यावर काय तरंगतं ते तिथल्या रहिवाशांना विचारा.

पण "बघा जर्मनी कशी, बघा आपण कसे" या थाटाची ही पोस्ट नाही. तसल्या पोस्टी मला वाचवत नाहीत. तिकडंही भानगडी आहेतच. फिनिक्स-झेच्या पाण्यात पाणवनस्पती माजतात, त्या कापायला माणसं आणि बोटी लावाव्या लागतात. केंदाळाचे जर्मन पाहुणे म्हणा. आणि तळ्याच्या काठाला आता पांढरेशुभ्र बंगले झालेत. ज्या ह्योर्डेतले लोक पिढ्यान्पिढ्या भट्टीवर राबले, त्यांना त्या काठावर घर घेणं परवडणारं नाही. शाहू मिलच्या जागेचा विषय निघाला की माझ्या पोटात गोळा येतो तो याचसाठी. 'लेक व्ह्यू' फ्लॅटची जाहिरात करायला कोटितीर्थ स्वच्छ व्हायच्या आधीच कुणीतरी टपून बसलेलं असणार.

मला तिथं पटला तो कामाचा क्रम.

त्या तळ्याच्या कडेनं एम्शर नावाची नदी वाहते. शंभरएक वर्षं ही नदी म्हणजे त्या अख्ख्या पट्ट्याचं उघडं गटार होतं. खाणींमुळं जमीन खचायची, जमिनीखाली घातलेले पाइप तुटले असते, म्हणून त्यांनी सरळ नदीच काँक्रीटच्या पन्हळीत घातली आणि सगळ्या शहरांचा मैला तिच्यात सोडला. कारखान्याखालून तर ती पाइपातनं जायची. खाणी थांबल्या, जमीन स्थिरावली, तेव्हा 1992 ला काम सुरू झालं. मैलापाण्यासाठी वेगळा भुयारी मार्ग, एकट्या मुख्य वाहिनीची लांबी 51 किलोमीटर. 2021 च्या अखेरीस नदीत मैलापाणी जाणं पूर्ण बंद झालं. जवळजवळ तीस वर्षं आणि पाच अब्ज युरोंच्या वर खर्च. यातला बहुतेक पैसा जमिनीखाली गेलाय, जिथं कुणाला सेल्फी काढता येत नाही. नव्या तळ्यातही त्यांनी एम्शर थेट सोडलेली नाही. नदी बाजूनं जाते, पूर आला तरच जादा पाणी तळ्यात घेतात.

आणि एवढं करून फिनिक्स-झेमध्ये पोहायला मनाई! मी चेष्टा केली, "मग आमचा रंकाळा काय वाईट?" भाची म्हणाली, "पोहायचंच असेल तर रविवारी एसेनला जाऊ."

एसेनजवळ बाल्डेनायझे आहे. रूर नदीवर बांध घालून 1933 मध्ये तयार झालेला जलाशय. मूळ हेतू करमणुकीचा नव्हता, नदीतला गाळ-घाण खाली बसावी म्हणून ते पाणी अडवलं. वरच्या टेकडीवर क्रुप घराण्याचा व्हिला ह्यूगेल. तोफा आणि पोलादावर उभा राहिलेला वाडा. मला खालनं बघताना उगाच आपला रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस आठवला. या बाल्डेनायझेत चाळीसहून जास्त वर्षं पोहायला बंदी होती. 2017 ला एका ठरावीक किनाऱ्यावर ती उठली.

शनिवारी रात्री धो धो पाऊस. रविवारी सकाळी भाचीनं फोन बघितला आणि म्हणाली, "रद्द. आज पोहायला बंदी."

मी वैतागलो. टॉवेल-बिवेल भरून तयार. ऊन तर लख्ख पडलेलं. मग तिनं समजावलं. जोराचा पाऊस झाला की जुन्या गटारांत पावसाचं पाणी आणि मैलापाणी एकत्र होतं, वाहिन्यांच्या पोटात मावत नाही, जादाचं नदीत सोडावं लागतं. त्यामुळं पाऊस किती पडला यावरून पाण्यात जंतू किती वाढणार याचा अंदाज बांधतात आणि किनारा एक-दोन दिवस बंद ठेवतात. ई-कोलाय आणि एन्टेरोकोकाय हे मैल्यातनं येणारे दोन जंतू मोजायचे असा युरोपात नियमच आहे. अंदाज सुधारला की किनारा परत खुला.

आता सांगा, यातलं आपल्याकडं वेगळं काय आहे? मोठा पाऊस झाला की सांडपाण्याचा जयंती नाला ओसंडून पंचगंगेत जातो, ही बातमी आपण दरवर्षी वाचतो. श्याम सोसायटीच्या नाल्याचं पाणी रंकाळ्यात मिसळतं, यावर किती आंदोलनं झाली! पाणी तेच, पाऊस तोच. फरक एवढाच की तिकडं सकाळी सात वाजता माणसाला कळतं, आज उतरू नको. आपल्याकडं पोरगं उतरतं, आठवड्यानं ताप येतो, डॉक्टर विचारतो काय खाल्लं होतंस.

आणि मापं आपल्याकडं नाहीत असं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं पाण्याचे वर्ग कधीच ठरवून ठेवलेत. उघड्यावर आंघोळीच्या पाण्याचा वर्ग 'ब'. त्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला निदान 5 मिलिग्रॅम हवा, बीओडी 3 मिलिग्रॅमच्या वर नको, कोलिफॉर्म जंतू 100 मिलिलिटरमागं 500 च्या आत, सामू म्हणजे पीएच साडेसहा ते साडेआठ. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना जंतू जो ऑक्सिजन खातात तो. घाण वाढली की ऑक्सिजन संपतो आणि एखाद्या सकाळी मासे तरंगायला लागतात. रंकाळ्यावर तेही बघून झालंय. केंदाळाचंही तसंच. साबण, पावडर, मैला यातलं फॉस्फेट आणि नायट्रोजन हे त्याचं खाद्य. खाद्य चालू ठेवून नुसतं वरचं केंदाळ उपसायचं म्हणजे उसाला पाणी पाजत राहायचं आणि शेंडे छाटत बसायचं.

माझी मागणी एकच आहे आणि ती स्वस्त आहे. रंकाळ्यावर, कळंब्याच्या बांधावर, राजाराम तलावावर, कोटितीर्थावर आणि पंचगंगा घाटावर एकेक फलक लावा. त्यावर हे चार आकडे, नमुना कधी घेतला ती तारीख आणि खाली मोठ्या अक्षरात : आज पाण्यात उतरावं का नाही. शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे, गावात रसायनशास्त्र शिकवणारी कॉलेजं आहेत, प्रयोगशाळा आहेत. पोरांना प्रॅक्टिकलला पाणी लागतंच, ते रंकाळ्याचं घ्या. रंकाळा राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत जाऊन आला. तेवढ्या व्यापात एका फलकाचा खर्च कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आकडे वाईट येणार, मला माहिती आहे. येऊ देत. बाजूला सेल्फी पॉइंट झगमगतोय आणि शेजारच्या फलकावर 'उतरू नये' लिहिलंय, असं सहा महिने दिसू दे. पुढच्या निवडणुकीत प्रश्न आपोआप नाल्याचा होईल, दिव्यांचा नाही.

धरणांचं जरा वेगळं आहे. राधानगरीचं, म्हणजे लक्ष्मी तलावाचं पाणी वरच्या जंगलातनं येतं, तिथं घाणीपेक्षा धोका खोलीचा. पावसाळ्यात स्वयंचलित दरवाजे उघडल्याचा मेसेज आला की आपण गाड्या काढतो. एका दरवाजातनं 1428 क्युसेक, असे सात. आधी राऊतवाडीच्या धबधब्याखाली भिजायचं, मग नदीकाठी. हौस समजू शकतो, मीही जातो. पण काठावर बाटल्या फोडून अनोळखी पाण्यात सूर मारणारे बघितले की टाळकं सरकतं. धरणाच्या पोटात गाळ किती, खडक कुठं, कपार कुठं हे गावातल्या माणसालाच ठाऊक. पोहायला दोऱ्या बांधून आखलेली एक जागा, तिथं गावातलीच चार पोहणारी पोरं पगारावर, बाकी सगळीकडं सक्त मनाई, असं एखाद्या जलाशयावर करून बघायला काय हरकत आहे? पोरांना रोजगार होईल आणि दर पावसाळ्यातल्या त्या बातम्या कमी होतील. नुसती बंदी घालून लोक थांबत नाहीत, ते फक्त जरा लांब, जास्त धोक्याच्या जागी जातात.

म्हशींवरही कमेंट येणारच, म्हणून आधीच लिहितो. म्हशींना दोष देऊ नका. म्हैस पाण्यात बसली म्हणून रंकाळा हिरवा झालेला नाही, तो आपल्या बाथरूममुळं झालाय. आपल्या जुन्या माणसांनी धुणंसुद्धा तलावात नको म्हणून 'धुण्याची चावी' वेगळी काढली होती. गणपती विसर्जनाला इराणी खणीत न्यायचं ठरलं तेव्हाही आरडाओरडा झाला होता, आज लोक निमूट रांगेत उभे राहतात. म्हणजे गाव ऐकत नाही असं म्हणायला जागा नाही.

ज्यांच्या ओळखी आहेत त्यांनी ही पोस्ट आपापल्या भागातल्या निवडणुकीच्या इच्छुकांपर्यंत पोचवा. आणि कॉलेजात शिकवणारं कुणी यादीत असेल तर इनबॉक्समध्ये बोला. नमुन्याच्या बाटल्यांचा आणि पहिल्या फलकाचा खर्च आमचा रंकाळ्याला फेरी मारणारा ग्रुप करायला तयार आहे. भेळीचा बजेट कमी करू.