द्राक्षांवरची पांढरी पावडर आणि 'विष सापडलं' म्हणजे काय

नाशिकची द्राक्षं हातगाड्यांवर दिसायला लागली की एक मेसेज फिरू लागतो. यंदा तो मावशीने पाठवला: 'द्राक्षांवरची पांढरी पावडर म्हणजे कीटकनाशक. लॅबमध्ये विष सापडलं म्हणून युरोपने परत पाठवलेला माल आपल्या गळ्यात मारतात. सोड्याच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, सगळं विष उतरतं.' तो वाचून तिने नातवाची द्राक्षं बंद केली. मी काही वर्षं फळांत उरलेले फवारणीच्या औषधांचे (कीटकनाशकं वगैरेंचे) अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

पांढरी पावडर हा मण्याने स्वतःच तयार केलेला मेणाचा थर आहे. तो पुसला जाऊ नये म्हणून पॅकहाउसमध्ये घड देठाला धरून उचलतात. फवारणीचे डाग कधी कधी दिसतात, पण ते थेंबांचे, सुकलेल्या ओघळांसारखे असतात. सारख्या पसरलेल्या सायीसारख्या थराला औषध समजू नका.

आता 'सापडलं' हा शब्द. सगळा घोळ इथेच आहे. प्रयोगशाळेत घडांचे मणी काढून, न धुता, त्यांचा लगदा करतात. त्यातला साधारण १० ग्रॅम घेऊन ॲसिटोनायट्राइल किंवा इथाइल ॲसिटेटमध्ये हलवतात, म्हणजे औषधाचे अंश त्या द्रावकात उतरतात. मग यंत्र एकेक रेणू वजनावरून निवडतं, फोडतं आणि तुकड्यांचं वजन करतं. ठरलेल्या वेळी, ठरलेले दोन तुकडे, ठरलेल्या प्रमाणात मिळाले तरच त्या औषधाचं नाव लिहायचं. शिवाय स्वच्छ द्राक्षांत मुद्दाम मोजून औषध घालून ते ७० ते १२० टक्के परत मिळतं का, हेही बघावं लागतं. एवढं करून जो आकडा येतो तो बऱ्याचदा किलोला ०.०१ मिलिग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे १०० टन द्राक्षांत एक ग्रॅम. यंत्राला तेवढंही दिसतं. त्यामुळे 'सापडलं' एवढ्याने काहीच ठरत नाही. किती सापडलं आणि त्या औषधाची कायद्याने ठरवलेली मर्यादा किती, हे विचारायला हवं. ती मर्यादाही विषबाधेची रेषा नव्हे. लेबलप्रमाणे फवारल्यावर शेतात जास्तीत जास्त किती अंश उरतो यावरून ती ठरते आणि मग आरोग्याच्या निकषांवर तपासली जाते.

याच्या उलट चूकही तितकीच मोठी आहे: 'रिपोर्टात काही नाही, म्हणजे द्राक्षांत काही नाही.' २०१० साली आपली द्राक्षं युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे, म्हणजे बागायतदारांच्या भाषेत लिहोसिन. वेलीची वाढ रोखायला ते वापरत. त्या वेळच्या तपासणीच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. हा विद्युतभारित, पाण्यात सहज विरघळणारा रेणू आहे, एकाच वेळी शेकडो औषधं शोधणाऱ्या नेहमीच्या पद्धतीत तो नीट हाती लागत नाही. त्याला वेगळी पद्धत लागते. शोधलंच नाही ते सापडणार कसं? त्याचा फटका बागायतदारांना बसला. ती आठवण मला आजही टोचते.

म्हणजे युरोपातला नकार खोटा नाही. पण परत आलेली जहाजं आपल्या बाजारात रिकामी होतात, हे चित्र चुकीचं आहे. युरोपसाठी नोंदवलेल्या बागेतून काढणीआधीच नमुना घेतला जातो. नापास झाला तर घड वेलीवरच असतात. त्या बागेचा माल पुढे देशात विकला जाऊ शकतो, आणि देशातल्या बाजारात प्रत्येक बागेची अशी तपासणी बंधनकारक नाही. मेसेजमधली काळजी इथे खरी आहे, आणि ती मलाही वाटते.

राहिला तो खाण्याचा सोडा. २०१७ मध्ये अमेरिकेत सफरचंदांवर असा प्रयोग झाला. सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर सालीवरची दोन औषधं बरीचशी निघाली, पण त्यातल्या एकाचा काही भाग आधीच सालीच्या आत शिरला होता, तो निघाला नाही. आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसातून फिरतात, त्यांच्यापर्यंत सोडा पोचत नाही. वाहत्या पाण्याखाली हलक्या हाताने चोळून धुतलं की धूळ आणि वरवरचा थोडाफार अंश जातो. आणि रिपोर्टातला आकडा तर न धुतलेल्याच मण्यांचा असतो.