कर्जतचा बँकर आणि माझा ट्रेलर

मुंबईत 'टोइंग' म्हटलं की एकच चित्र डोळ्यांपुढे येतं. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी "टोइंगवाले आले!" म्हणून ओरडतं, माणसं चहा अर्धा टाकून खाली धावतात, आणि तोवर आपली स्कूटर त्यांच्या ट्रकवर चढून चौकीच्या वाटेला लागलेली असते. म्हणून डिसेंबर २०२५ मध्ये मुलुंडला मावशीकडे गेलो असताना "टोइंगसाठी नवी गाडी बघतोय" असं म्हणालो, तेव्हा मावशीने काळजीच्या सुरात विचारलं, "का रे, तिकडची नोकरी गेली का?"

नोकरी आहे. मी डेन्व्हरला राहतो. आमच्याकडे छोट्या खोलीएवढा एक कॅम्पर ट्रेलर आहे, आणि उन्हाळ्यातले पाच-सहा शनिवार-रविवार तो इलेक्ट्रिक पिकअपच्या मागे लावून आम्ही डोंगरात जातो. अमेरिकेत पिकअपला हा ट्रेलर, नाहीतर बोट, नाहीतर घोड्यांची पेटी जोडणं म्हणजे टोइंग. मावशीला एवढं सांगून होतंय तोच मावसभावाने, म्हणजे दादाने, मोबाइल पुढे केला.

बातमी ताजी होती. फोर्डने एफ-१५० लाइटनिंग या निव्वळ बॅटरीवरच्या पिकअपचं उत्पादन थांबवलं होतं, आणि पुढची लाइटनिंग रेंज एक्स्टेंडरची, म्हणजे आत वीज तयार करणारं पेट्रोल इंजिन बसवलेली असेल असं जाहीर केलं होतं. त्याआधी सप्टेंबरमध्ये रॅम या दुसऱ्या पिकअप कंपनीने आपली निव्वळ इलेक्ट्रिक '१५००' पिकअप रद्द करून तिचं नाव इंजिनवाल्या गाडीला देऊन टाकलं होतं. फोक्सवॅगनच्या स्काउट या नव्या ब्रँडकडे नाव नोंदवणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी रेंज एक्स्टेंडरच मागितला होता. "बघ," दादा म्हणाला, "तुमच्या अमेरिकेनेच हात टेकले. आणि आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरचं पोरगं पार्किंगमध्ये चार्जर लावायची परवानगी मागतंय." दादा सोसायटीचा सेक्रेटरी आहे. त्या पोराचा अर्ज तीन सभा टेबलावर पडून होता.

अमेरिकेने हात टेकले हे अर्धं खरं आहे. कशापुढे टेकले, ते महत्त्वाचं.

माझ्या पिकअपची बॅटरी १३० युनिटच्या आसपास आहे. युनिट म्हणजे आपल्या लाइट बिलावरचंच. रिकामी गाडी त्यावर पावणेपाचशे किलोमीटर जाते. मागे कॅम्पर लावला की सव्वादोनशे. ट्रेलरचं वजन हे त्याचं मुख्य कारण नाही, त्याचं कपाट उभं केल्यासारखं सपाट तोंड हे आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि अमेरिकेतल्या हायवेवर ताशी शंभरच्या खाली चालवलं तर मागचा ट्रकवाला आपला उद्धार करतो. त्यात डेन्व्हर १,६०० मीटरवर, आणि पश्चिमेला जायचं तर आयझेनहॉवर बोगदा ३,४०० मीटरवर. सहा टन धूड १,८०० मीटर वर उचलायला नुसत्या उंचीपोटी ३० युनिट जातात. हिशोब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे, कुठल्याही कंपनीला तो चुकवता येत नाही. बोगद्याशी पोचेपर्यंत बॅटरी तिशीच्या खाली येते. पुढच्या गावात चार्जिंगला थांबायचं, तर तिथल्या जागा एका गाडीपुरत्या आखलेल्या. मग ट्रेलर सोडा, कडेला लावा, पोरांना त्यात बसवा, गाडी चार्ज करा, परत येऊन ट्रेलर जोडा. पावसात हे दोनदा केल्यावर बायकोने मला जे ऐकवलं ते इथे छापता येणार नाही.

या दुखण्यावर औषध म्हणून रेंज एक्स्टेंडर आला. रॅमच्या गाडीचे जाहीर झालेले आकडे असे: ९२ युनिटची बॅटरी, १३० किलोवॉटचा जनरेटर, त्याला फिरवणारं ३.६ लिटरचं व्ही-६ इंजिन. बॅटरीवर १४५ मैल, इंजिन धरून ६९०, आणि ओढायची ताकद १४,००० पौंड, म्हणजे सहा टनांच्या वर. इंजिनाचा चाकांशी थेट संबंध नाही. ते फक्त वीज बनवतं, चाकं मोटर फिरवते. यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्या रेल्वेचं डिझेल इंजिन आतून हेच करतं. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पुरं होईपर्यंत गणपतीला गावी जाणारे आम्ही सगळे याच युक्तीवर रत्नागिरी गाठत होतो.

मात्र हे औषध चढावर थोडं कमी पडतं. सपाटीवर माझा कॅम्पर ओढायला साठ-सत्तर किलोवॉट लागतात, जनरेटर ते हसत देतो. सहा-सात टक्क्यांच्या चढावर, तोच वेग ठेवला तर, दीडशेच्या वर लागतात. वरचे बॅटरीने घालायचे. ती आधीच संपवून घाटात शिरलात तर सगळे दिवे लावून उजव्या लेनमधून रांगायचं. (तिकडे हळू चालणाऱ्यांची लेन उजवी.) बीएमडब्ल्यू आय-३ या जुन्या रेंज एक्स्टेंडरवाल्या कारमध्ये ६४७ सीसीचं, स्कूटरच्या जातीचं इंजिन होतं. अमेरिकेत विकलेल्या गाडीत ते बॅटरी जवळजवळ संपल्यावरच सुरू व्हायचं, कारण कॅलिफोर्नियाच्या नियमात तसं बसवायचं होतं. लांब चढावर त्या गाड्यांचा वेग पडायचा. त्यामुळे नव्या पिकअपमध्ये घाट यायच्या आधीच इंजिन चालू करून बॅटरी राखून ठेवता येते का, हा प्रश्न मला एकूण मैलांच्या आकड्यापेक्षा मोठा वाटतो.

दादाने यावर त्याचा हुकमी एक्का काढला. "आमची सीएनजी गाडी तरी काय वेगळी? शहरात गॅस, घाटात पेट्रोल. नोव्हेंबरात ट्रॉम्बेला गॅसची लाइन फुटली, पंप बंद पडले, रिक्षांच्या रांगा लागल्या. मी बटण दाबलं आणि ऑफिसला गेलो. दुसरी टाकी हवीच."

मुंबईकराला रेंज एक्स्टेंडर समजावायला याहून चांगलं उदाहरण मला नऊ वर्षांत सुचलं नव्हतं. पण हेच उदाहरण दादाच्या अंगावर उलटतं. तो रोज गॅसवर चालवतो, कारण पंप त्याच्या वाटेवर आहे आणि गॅस स्वस्त पडतो. समजा तो पंप कल्याणला असता, तर त्याने रोज पेट्रोलच जाळलं असतं आणि तो सिलिंडर डिकी अडवून नुसता फिरला असता. प्लग नसलेल्या माणसाच्या हातात रेंज एक्स्टेंडरची गाडी दिली की अगदी हेच होतं. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांची प्रत्यक्ष आकडेवारी मांडली. प्लग-इन हायब्रिडचं, म्हणजे प्लगने चार्ज होणाऱ्या पण पेट्रोल-डिझेलवरही चालणाऱ्या गाड्यांचं, उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या साडेतीनपट निघालं, मुख्यतः लोक गाडी धरली होती तेवढी चार्ज करत नव्हते म्हणून. गाडी घरी प्लगला लागत असेल तरच इंजिन हा जोडीदार, नाहीतर तोच मालक.

मुंबईच्या वादात मला खटकतं ते हे. चौथ्या मजल्यावरच्या पोराला सहा टन ओढून रॉकी पर्वत चढायचा नाही. मुलुंड ते बीकेसी जाऊन यायला चाळीसेक किलोमीटर पुरतात, महिन्यातून एकदा पुणे. ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रिक कारना अटल सेतूवर आणि पुणे एक्स्प्रेसवेवर टोलही माफ आहे. त्याला रेंज कमी पडत नाही, भिंतीवरचा सॉकेट कमी पडतोय. तो न देण्यासाठी डेन्व्हरच्या बोटवाल्यांचं दुखणं पुरावा म्हणून वापरणं म्हणजे शेजाऱ्याच्या गुडघ्याचा एक्स-रे दाखवून आपल्या पोराला शाळेत न पाठवणं.

परवा मावशीबरोबर पुण्याला गेलो, मुद्दाम ट्रेनने. कर्जतला गाडी थांबली, मागे बँकर इंजिनं लागली. ती लागेपर्यंत आमचा बटाटावडा खाऊन झाला. सदतीस फुटांत एक फूट असा भोर घाटाचा चढ. तेवढा चढेपर्यंत बँकर मागून रेटतात आणि लोणावळ्याला सुटतात. पुण्यापर्यंत त्यांना कुणी फुकट फिरवत नाही. रेंज एक्स्टेंडर म्हणजे असा बँकर, जो घाट नसलेल्या तीनशे दिवशीही गाडीच्या पोटात बसून दूध आणायला आपल्याबरोबर येतो, ऑइल बदलून मागतो, जागा खातो. माझ्या शनिवारांच्या हिशोबाने ही चैन आहे. पण आयझेनहॉवर बोगद्याच्या पायथ्याशी कुणी मला बँकर लावून देणार नाही, आणि ट्रेलरसकट आत शिरता येतील अशा चार्जिंगच्या जागा अजून कमीच दिसतात.

निघायच्या आदल्या रात्री दादाने विचारलंच, "मग शेवटी तू इंजिनवालीच घेणार ना?"

"बहुतेक हो," म्हटलं. "माझ्या गॅरेजमध्ये प्लग आहे."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, मीटर कुणाच्या नावावर घ्यायचा यावरच सगळं अडलंय, लोकांना वाटतं बिल सोसायटीवर पडेल. मी म्हटलं, त्या पोराला त्याच्याच नावाचं वेगळं मीटर घ्यायला सांग. वायर तळमजल्याच्या मीटर रूममधून येईल, पार्किंग नंबर अकरापर्यंत फार तर वीस मीटर. दादाने डायरी काढली आणि वीस मीटर लिहून घेतले.