झेरोमने दगडाला हात लावला होता का?

नमस्कार. फ्रेंच चित्रकार झाँ-लेओं झेरोम चौपन्नाव्या वर्षी शिल्पाकडे वळला, त्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सडकून लिहिलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नाव आणि पैसा असला की उतारवयात कोणीही शिल्पकार होतो. दगड घडवणार कारागीर, सही साहेबांची. आणि जाहिरातींची चित्रं काढून निवृत्त झालेले माझ्यासारखे लोक ग्राइंडर हातात धरून आपली हौस झेरोमच्या नावावर खपवतात. तिखट आहे, पण बिनबुडाचं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हातांचं. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये संगमरवरी पुतळा सुरू व्हायचा तो मातीत. मातीवरून प्लास्टरची प्रत निघायची. त्या प्रतीवरचे उंच-सखल बिंदू सुई बसवलेल्या चौकटीने मोजायचे, दगडात तेवढ्याच खोलीची भोकं पाडायची आणि मधला दगड काढत जायचं. हे काम पगारी कारागिरांचं. झेरोमच्या काळात सर्रास हीच रीत होती. मग त्याच काळातल्या नामवंत फ्रेंच शिल्पकाराला, रोदँलाही हाच नियम लावा की! तो तर उशिरा आलेला हौशी नव्हता, तरी त्याचे संगमरवर बूर्देल, पोंपों अशांनी घडवले. यातला पोंपों वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे दगड घडवत राहिला, आणि १९२२ साली त्याचं पांढरं अस्वल लोकांनी डोक्यावर घेतलं तेव्हा तो ६७ वर्षांचा होता. कारागिरांची नावं पुसली गेली हा तुमचा राग मला शंभर टक्के पटतो. पण त्या रागाचा वयाशी काय संबंध?

नावाचा फायदा झेरोमला झालाच. १८७८च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने ‘ग्लॅडिएटर्स’ मांडलं, तेव्हा तो चौदा वर्षं तिथल्या सरकारी कलाशाळेत प्राध्यापक होता. नवख्याला दारात उभं राहावं लागतं, तसं त्याला राहावं लागलं नसणार. आणि खरं सांगू? ते शिल्प मला आवडत नाही. स्वतःच्याच १८७२च्या चित्रातला, पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर पाय ठेवलेला योद्धा उचलून त्याने ब्राँझमध्ये उभा केला, बस्स.

मी लेख लिहिला तो १८९०च्या ‘तानाग्रा’साठी. ग्रीसमधल्या तानाग्रा गावी १८७०च्या दशकात भाजक्या मातीच्या छोट्या मूर्ती सापडल्या, त्यांवर रंगाचे अंश शिल्लक होते. झेरोमने त्या नगरीलाच स्त्रीरूप दिलं, तिला संगमरवरात बसवलं, हातात एक नर्तिकेची मूर्ती दिली आणि सगळं चक्क रंगवलं. पांढराशुभ्र संगमरवर म्हणजेच शुद्ध कला, असं मानणाऱ्यांच्या डोळ्यांत हे खुपणारच होतं. त्याच्या आधी इंग्रज शिल्पकार गिब्सननेही व्हीनस रंगवून टीका ओढवून घेतली होती. आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. जयपूरहून येणाऱ्या राम-सीतेचे डोळे-ओठ रंगवलेलेच असतात! पण तिथे ही उडी होती, आणि ती घ्यायला आयुष्यभर त्वचेचे रंग कालवलेला माणूस झेरोमच्या रूपाने मिळाला. त्याने १८९३ साली एक चित्रही काढलं: दुकानात बसलेली बाई ब्रशने मूर्ती रंगवते आहे. शीर्षक लॅटिनमध्ये, अर्थ असा की चित्रकला शिल्पात प्राण फुंकते. जुना धंदा नव्या कामात कसा उतरतो ते मला इथे दिसतं. आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातल्या ‘तानाग्रा’वरचा रंग बराचसा उडालाय, त्यामुळे फोटो पाहून ‘यात काय विशेष’ असं वाटणं साहजिक आहे.

नाव-पैशाशिवाय कोणी करून दाखवावं, असंही तुम्ही म्हणता. अमेरिकेतल्या नॅशव्हिलचा विल्यम एडमंडसन घ्या. कृष्णवर्णीय, आईबाप गुलामगिरीत राहिलेले, स्वतः रेल्वेत आणि मग इस्पितळात अंगमेहनतीची कामं केलेला. साठीच्या सुमारास त्याने पाडलेल्या इमारतींचा चुनखडीचा दगड घेऊन थडगी आणि मूर्ती कोरायला सुरुवात केली. १९३७ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याचं एकट्याचं प्रदर्शन भरलं. तिथे असा मान मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय कलावंत.

पाथरवटाच्या घरातलं पोर दहाव्या वर्षी टाकी धरतं, तो हात मला कधीच येणार नाही, हे उघड आहे. घाव कुठे थांबवायचा ते त्याच्या मनगटाला कळतं, मला खूण करून ठेवावी लागते.

राहिला ग्राइंडर. वापरतो. धुळीसाठी मास्कही लावतो, तुम्हीही या कामात उतरलात तर लावा. जयपूरच्या मूर्तिकारांच्या गल्लीत एकदा चक्कर मारून या, टाकीपेक्षा त्याचाच आवाज जास्त ऐकू येईल. त्यांना कोणी हौशी म्हणत नाही.