‘जाहिरात फक्त ७ ते ९ लावा’ : हा सल्ला ऐकू नका

नाशिकच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "गुगलची जाहिरात फक्त संध्याकाळी ७ ते ९ चालवा, निम्मे पैसे वाचतील. रात्री कोणी बघत नाही. त्या वेळेची बोली दुप्पट करा. जाहिरात रोज हाताने बंद-चालू करा, अल्गोरिदम ताजा राहतो." धाकट्या भावाने ठिबकच्या दुकानासाठी हे जसंच्या तसं केलं, म्हणून लिहावं लागतंय.

पैसे वाचतील हे साफ खोटं. वेळ कापली म्हणून बजेट कापलं जात नाही. गुगल ॲड्सच्या मदत-पानावर स्वच्छ लिहिलंय: एका दिवसात रोजच्या सरासरी बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो, महिन्याची मर्यादा ३०.४ पट. ५०० रुपये लावलेत तर एखाद्या दिवशी १,००० जातील, महिन्याला १५,२०० पर्यंत. शोधणारे पुरेसे असतील तर तोच पैसा दोन तासांत उडतो. जाहिरातीची जागा लिलावाने मिळते, एका क्लिकला किती देणार ती बोली; त्यात मेसेज वाचलेले सगळे त्याच वेळी लिलावात उतरले की क्लिक महागणारच. खर्च कमी करायचाय? बजेटचा आकडा कमी करा.

रात्री कोणी बघत नाही म्हणे! निफाड-दिंडोरीकडे शेतीपंपाला रात्रपाळीची वीज असली की शेतकरी मोटारीपाशी जागाच असतो. फिल्टर तुंबलाय, व्हॉल्व्ह गळतोय हे त्याला तेव्हाच दिसतं आणि मोबाइलवर तो तेव्हाच शोधतो. चौकशीचा फॉर्म त्याने सकाळी भरला, तरी गुगल ती चौकशी रात्रीच्या क्लिकच्याच तासावर मांडतं. रिपोर्ट न बघता तो तास कापणं म्हणजे गिऱ्हाईक घालवणं.

दुप्पट बोलीचं म्हणाल, तर स्मार्ट बिडिंग (बोली गुगलच आपोआप ठरवतं ती सोय) चालू असताना वेळापत्रकात ठरावीक तासांना लावलेली बोलीवाढीची टक्केवारी विचारातच घेतली जात नाही. बंद-चालू करून काहीही ताजं होत नाही. चालू करायला विसरलात की दिवस गेला.

एवढं मात्र खरं, की फोन उचलायला कोणी नसताना कॉलचं बटण दाखवू नये. पण त्यासाठी अख्खी जाहिरात बंद कशाला? कॉल ॲसेटला, म्हणजे त्या बटणालाच, वेगळं वेळापत्रक लावता येतं. ते दुकानाच्या वेळेपुरतं ठेवा, रात्री गिऱ्हाईक फॉर्मवर जाऊ द्या.

आधी चार आठवडे पूर्णवेळ चालवा, मग तासवार खर्च आणि चौकशा बघा. तीन-चार क्लिकवरून कुठलाही तास बाद करू नका. जाहिरातीच्या वेळापत्रकात दिवसाला वेळेचे ६ च पट्टे बसतात, तेव्हा तास एकत्र करूनच पाडा. आणि वेळापत्रक अकाउंटच्या टाइमझोनवर चालतं. तो भारताचा आहे ना, हे सगळ्यात आधी तपासा.