अर्धी भूल

गेल्या गुरुवारी संध्याकाळी कोरेगावात मला अर्धा पेढा मिळाला. अख्खा नाही, अर्धा. उरलेल्या अर्ध्याचा राग अजून गेलेला नाही.

मी भूलतज्ज्ञ आहे, तीही फिरती. म्हणजे मला दवाखाना नाही, पाटी नाही, ओपीडी नाही. सातारा, कराड, कोरेगाव, रहिमतपूर, वेळ पडली तर मेढा. जिथं सर्जन हात धुऊन तयार आहे तिथं मी. "तुमचं हॉस्पिटल कुठं?" असं कुणी विचारलं की पहिली काही वर्षं मी नीट समजावून सांगायचे. हल्ली "एमएच अकरा" म्हणते आणि गाडीकडे बोट दाखवते. पुढच्या सीटवर बॅग असते, तिच्यात घशात बघायचा लॅरिंगोस्कोप, श्वासाच्या नळ्या, हातानं दाबून श्वास द्यायची ॲम्ब्यू बॅग आणि कुणाच्या भरवशावर राहायचं नाही अशी सगळी औषधं. डिकीत स्वतःची स्लिपर. कुठल्याही थिएटरात पाहुण्यांसाठी ठेवलेली स्लिपर नऊ नंबरची असते आणि दोन्ही डाव्या पायाच्या असतात, म्हणून.

त्या दिवशी सकाळी कराडला तीन केसेस होत्या. सातला पोहे खाल्ले ते खाल्ले. परतताना तासवड्याच्या टोलनाक्यावर फास्टॅग रुसला, मागच्यांनी हॉर्न वाजवून माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली, आणि त्या गडबडीत वाटेत खायचा ठरवलेला वडापाव राहिला. साडेचारला घरी ताटावर बसले. पहिला घास हातात होता तेवढ्यात कोरेगावहून फोन. "मॅडम, सिझर. बाळानं पोटात शी केलीय, ठोकेपण कमी होतायत. किती वेळात याल?" याला 'निघाले' हे एकच उत्तर असतं. ताट झाकलं.

"पेशंट उपाशी आहे ना?" जिना उतरता उतरता मी विचारलं.

"हो मॅडम, सकाळपासून काहीच नाही. फक्त चहा. आणि त्याबरोबर दोन बटर. आणि मघाशी तिच्या आईनं शिरा आणला होता, तो जरासा."

यात त्या सिस्टरचा दोष नाही. उपासाला साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस आणि वर रताळ्याच्या गोड फोडी चालणाऱ्या लोकांना 'उपाशी' म्हणजे काय ते मी कुठल्या तोंडानं शिकवायचं? आमचा हिशेब साधा असतो : ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी जेवण सहा तास बंद, पाणी दोन तास बंद. पूर्ण भूल दिली की पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, आणि मग पळापळ होते. बाळंतपणाच्या कळांत तर पोट रिकामं व्हायला आणखीच वेळ लागतो. म्हणून शक्य तिथं आम्ही बाळंतिणीला झोपवत नाही, पाठीत सुई देऊन खालचं अंग बधिर करतो. ती जागी राहणं हीच सगळ्यात सुरक्षित गोष्ट असते. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढं सगळा तमाशा याच्यावरूनच झाला.

मुलगी तेवीस-चोवीस वर्षांची. टेबलाच्या कडेला बसवली, खांदे पाडायला लावले, "मांजरासारखी पाठ काढ" म्हटलं. सिस्टरनं पुढून धरलं. पंचवीस नंबरची सुई, अगदी बारीक. मणक्यांमधली फट बोटानं चाचपायची, आत जायचं आणि सुईच्या टोकाशी थेंब यायची वाट बघायची. पाण्यासारखा स्वच्छ थेंब. तो दिसेपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो, इतक्या वर्षांनीही. मग दोन मिली औषध, बस्स. मिनिटभरात ती म्हणाली, पाय गरम झाले. मग म्हणाली, पाय कुणाचे आहेत? प्रेशर ऐंशीवर घसरलं, इंजेक्शन दिलं, वर आलं. ती मला विचारत होती, "मॅडम, तुमचं माहेर कुठलं?" आणि पडद्यापलीकडे तिचं पोट उघडलेलं होतं. पाच चाळीसला बाळ रडलं. मुलगा. तिनं माझा हात इतका आवळला की अंगठी बोटात रुतली.

पुढचा तास-सव्वा तास मी तिच्या उशाशी. नाडी, प्रेशर, लघवी, पायाची बोटं हलतात का. हे झाल्यावर बॅग उचलून बाहेर आले, आणि तिथं आप्पा होते.

आप्पा म्हणजे मुलीचे वडील. पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं, एस.टी.त बत्तीस वर्षं कंडक्टर. ही बत्तीस वर्षं त्यांनी पुढच्या दहा मिनिटांत चारदा सांगितली. हातात कंदी पेढ्यांचा बॉक्स. आणि वाटप अगदी तिकिटाच्या शिस्तीत, पुढून मागं, एकही प्रवासी सुटता कामा नये असं. गायनॅक मॅडमना वेगळा बॉक्स. बाळाच्या डॉक्टरांना दोन. सिस्टर, मावशी, खालच्या मेडिकलमधला पोरगा, आणि भिंतीला टेकून फोनवर बोलणारा एक माणूस, जो दुसऱ्याच पेशंटचा मेहुणा होता. मग मी. मी हात पुढं केला. मला सांगायला लाज नाही; सकाळच्या पोह्यांनंतर तो तपकिरी, भाजल्या खव्याचा वास नाकात गेला होता. आप्पांनी बॉक्सचं झाकण लावलं.

"औषदाच्या कंपनीवाल्यांनी मागनं या. मॅडम आत्ता दमल्यात."

"मी कंपनीची नाही. तुमच्या मुलीला भूल मी दिली."

आप्पांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, खिशातून बिलाचा अंदाज लिहिलेला कागद काढला आणि एका ओळीखाली नख धरलं. "भूलतज्ज्ञ. ह्ये तुमीच का?"

"हो."

"बरं झालं गावला. मला येक सांगा, पोरगी झोपली कवा?"

"झोपली नाही. जागीच होती."

"तेच म्हंतोय म्या!" आवाज व्हरांड्यात घुमला. "आत्ताच भेटलो तर म्हणाली, आप्पा, कात्र्या वाजल्याल्या ऐकल्या, बाळ रडल्यालं ऐकलं, मॅडम शिस्टरवर चिडल्याल्या ऐकल्या. मग भूल कुटं लागली?"

मी समजावलं. पाठीतून देतात, कमरेखालचं बधिर होतं, वरचं जागं राहतं.

"म्हंजी अर्धी."

"अर्धी नाही हो आप्पा, ती पूर्णच असते, फक्त..."

"खालनं लागली, वरनं न्हाय. बत्तीस वर्सं तिकिटं फाडल्यात. अर्धं म्हंजी काय, मला कळतंय."

बाकावरच्या एका काकूंना राहवेना. "आमच्या सूनबाईला पुरती दिल्ती," त्या अभिमानानं म्हणाल्या. "दुसऱ्या दिवसापातूर सुद नव्हती." बाकावरच्या बाकीच्यांनी माना डोलावल्या. असं पाहिजे, पैसे वसूल.

मला त्या क्षणी ऑगस्ट बीअरची आठवण झाली. जर्मन सर्जन. १८९८ साली त्यानं आणि हिल्डेब्रांट नावाच्या त्याच्या सहाय्यकानं ही पाठीतली भूल स्वतःवर करून पाहिली. बीअरच्या वेळी सुईला सिरिंज बसेना, पाठीतलं पाणीच वाहून गेलं, म्हणून सहाय्यक पुढं बसला. त्याला कोकेन टोचलं आणि मग खरंच लागलीय का हे बघायला त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडा मारला. हिल्डेब्रांट जागा होता, बघत होता, आणि त्याला काही कळलं नाही. 'अर्धी आहे' म्हणून कुणी हिशेब मागितला नाही. त्या रात्री दोघांनी वाइन घेतली, सिगार ओढले. दुसऱ्या दिवशी दोघांचीही डोकी ठणकत होती. पण म्हणजे पेढा नाही तरी काहीतरी मिळालं.

आप्पा अजून मोजत होते. "आनि दुसरं. २०२३ पासनं बायकांना समद्या येस्टीत अर्धं तिकीट हाय. सरकारनंच केलंय. आता पेशंट बाई, भूल अर्धी. म्हंजी खरं बगाया गेलं तर पाव."

इथं माझा तोल गेला. "आप्पा, मी अख्खी भूल दिली असती आणि तिच्या पोटातला शिरा वर येऊन फुप्फुसात गेला असता, तर? शिरा कुणी दिला तिला?"

व्हरांडा गप्प. आप्पांच्या शेजारी बसलेल्या मुलीच्या आई समोरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे फार लक्ष देऊन बघायला लागल्या. आप्पा हळूच वळले. "सांगितलं हुतं का न्हाय, नगं म्हून?" "येवडंसा हुता, वाटीभर." "वाटी कुटली, डबा हुता!" पुढची दोन मिनिटं त्यांचा संसार चालला, बत्तीस वर्षांच्या ड्युट्यांसकट, आणि मी बॅग धरून उभी.

मग आप्पांनी बॉक्स उघडला. पेढा काढला. दोन्ही अंगठ्यांनी त्याचे बरोबर दोन तुकडे केले, एस.टी.च्या हिशेबाइतके बरोबर. "राग नगा मानू. अर्ध्या भुलीला अर्धा." आणि स्वतःच इतके हसले की काकू, मेहुणा, मेडिकलवाला, सगळेच हसले. मीही हसले. तेच सगळ्यात जास्त लागलंय. उरलेला अर्धा त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला. "कदी अडीअडचन आली तर," म्हणून माझा नंबर झाकणावर लिहून घेतला. नाव विचारलं नाही. 'भूलवाल्या बाई' असं लिहिलं.

आप्पांना माहीत नव्हतं की नखाखाली धरलेल्या त्या ओळीतले पैसे मला कधी मिळतील हे मलाच माहीत नसतं. 'पुढच्या केसला एकदम देऊ' अशा वाक्यांची माझ्याकडे एक डायरी आहे, निळी, आणि ती आता दुसरी चालू आहे. पण एरवी कुणाला न दिसणारी मी, टेबलावर काही बिनसलं की लगेच दिसते. 'भुलीचा डोस जास्त झाला' हे वाक्य प्रत्येक गावात तयारच असतं. त्याला पेढ्यासारखं अर्धं कुणी करत नाही.

परत येताना संगम माहुलीला गाडी कडेला घेतली आणि तो अर्धा पेढा खाल्ला. चांगला होता, ही आणखी एक तक्रार. इथं नदीकाठी साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. महाराजांना वाघापासून वाचवलं म्हणून, असं सांगतात. एकदाच वाचवलं त्यानं. मी काही समाधी मागत नाही, पण त्यानं ज्याला वाचवलं त्यानं आधी बिल काढलं नसणार. घरी झाकलेल्या ताटातल्या पोळीचा पापड झाला होता.

आज सकाळी वाईच्या वाटेवर, आनेवाडी नाक्याच्या रांगेत, अनोळखी नंबर वाजला.

"भूलवाल्या बाई का? आप्पा बोलतोय, कोरेगावचा. पोरगी बरी हाय, बाळ बरं हाय. पर पोरीची कंबर लई धरलीया. आमची मंडळी म्हंत्यात, तुमच्या सुईनं."

नऊ महिने पोट वागवलं, आता रात्रभर वाकून पाजते, कंबर धरेल नाहीतर काय. हे सगळं बोलायला मी तोंड उघडलं आणि वेगळंच निघालं.

"अर्धी की अख्खी?"

पलीकडे जरा शांतता. मग आप्पा गंभीरपणे म्हणाले, "अख्खी. आनि त्ये बिलात लिवल्यालं नव्हतं."